चांगलं शुद्ध केलेलं पाणी नळापर्यंत येता येता का बिघडतं

नळाला पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं ते पिवळसर नाहीतर काळपट येतं, कधी वास मारतं, मग हळूहळू निवळतं. खानदेशातल्या कुठल्याही शहरात विचारा, लोक हेच सांगतील. त्यावर सगळ्यांचा निष्कर्षही ठरलेला असतो: फिल्टर प्लांटवर पाणी नीट गाळत नाहीत. पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर हा निष्कर्ष बहुधा खरा नसतो. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा नमुना घ्या, आणि त्याच दिवशी वस्तीतल्या शेवटच्या नळाचा घ्या. बिघाड या दोन नमुन्यांच्या मधे झालेला दिसेल. पाणी वाहिनीत बिघडतं, आणि तिथे बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वाहिनी दिवसचे दिवस रिकामी राहते.

आपल्याकडे दोन-तीन दिवसांआड पाणी येणं ही चांगली परिस्थिती मानली जाते. काही शहरांत आठवड्याहून जास्त अंतर पडतं. व्हॉल्व्हमनने झोनचा व्हॉल्व्ह बंद केला की सखल भागातले नळ उरलेलं पाणी ओढून घेतात, वाहिनी रिकामी होते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग जिथून आधी पाणी बाहेर गळत होतं, त्याच भेगेतून बाहेरचा ओलावा आत येतो. नळजोडणी गटारीच्या पोटातून गेलेली असेल तर तो ओलावा कसला असेल ते सांगायला नको. त्यात घराघरांत थेट नळाला जोडलेल्या मोटरी असतात. दहा घरांनी एकदम मोटर लावली की वाहिनीत उलटी ओढ तयार होते आणि पाणी चालू असतानाही घाण आत खेचली जाते. वाहिनीत सतत दाब असेल तर तीच भेग फक्त बाहेर गळते, आत काही येऊ देत नाही. चोवीस तास पाणीपुरवठ्याचा आग्रह धरायचा तो सोयीपेक्षा या कारणासाठी. आठवडाभर साठवणुकीचा आणखी एक तोटा आहे. डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

गणितही ध्यानात घ्यावं. वितरण वाहिनीचा व्यास सरासरी प्रवाहाच्या अडीच-तीनपट गर्दी धरून ठरवतात. चार दिवसांचं पाणी दोन तासांत द्यायचं म्हटलं तर त्या वाहिनीतून सरासरीच्या ४८ पट पाणी जायला हवं. ते जात नाही. टाकीजवळची घरं भरून घेतात, टोकाची घरं मोटर लावतात, आणि वर सांगितलेली उलटी ओढ सुरू होते. मोटरवर कारवाई करून हा प्रश्न सुटत नाही, कारण टोकाच्या माणसाला दुसरा मार्गच ठेवलेला नसतो.

'आधीच धरणात पाणी कमी, चोवीस तास कुठून देणार?' हा प्रश्न नेहमी येतो. खानदेशाची अवस्था बघता तो रास्त आहे. जळगाव वाघूर धरणावर, धुळे तापीवरच्या सुलवाडे बॅरेजवर, पांझरेवरच्या अक्कलपाडा प्रकल्पावर आणि नकाणे-डेडरगाव तलावांवर, नंदुरबार विरचक धरणावर अवलंबून आहे. गिरणाकाठच्या शहरांचं आणि गावांचं सगळं लक्ष गिरणा धरणाच्या आवर्तनाकडे असतं. पण चोवीस तास पाणी म्हणजे जास्त पाणी नव्हे. मीटर असेल तर माणूस लागेल तेवढंच घेतो. आठवड्याने पाणी येणाऱ्या घरात मात्र नवं पाणी आलं की टाक्यांमधलं जुनं 'शिळं' म्हणून ओतून दिलं जातं, तोटी उघडी ठेवून झोपलेल्या घरांतून ते गटारीत वाहतं. साताऱ्यातल्या कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या शहराने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिण्याजोगं केल्याचं जाहीर केलं. केंद्र सरकारच्या अमृत २.० योजनेतही हेच उद्दिष्ट लिहिलेलं आहे.

आधी केंद्रावरचं

वाहिनीकडे जाण्यापूर्वी शुद्धीकरणाविषयी बोलायला हवं, कारण पावसाळ्यात तिथे खरोखर गाडी अडते. पूर्णेला विदर्भातल्या काळ्या मातीचा गाळ येतो, तापीला बुऱ्हाणपूरकडचा. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की खालच्या प्रत्येक जॅकवेलमध्ये (नदीचं पाणी उपसण्याच्या विहिरीत) चहासारखं पाणी येतं. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की नुसतं थांबवून ते बसत नाहीत. त्यांना एकत्र गोळा करायला तुरटी किंवा पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) लागतं, आणि किती लागतं हे अंदाजाने सांगता येत नाही. 'काल चार गोण्या टाकल्या, आजही चार टाका' ही पद्धत इथे आपटते, कारण पुराच्या दिवसांत कच्च्या पाण्याचा गढूळपणा सकाळ-संध्याकाळ बदलतो.

यासाठी जार टेस्ट आहे आणि ती अवघड नाही. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम तुरटी. सहा चंचुपात्रांत एकेक लिटर कच्चं पाणी घ्या, त्यांत अनुक्रमे १ ते ६ मिलिलिटर द्रावण टाका. मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या वेगाने एक मिनिट ढवळा, मग तीस-चाळीस फेऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटं. अर्धा तास स्थिर ठेवा आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजा. ज्या सर्वांत कमी मात्रेला पाणी पुरेसं निवळलं, ती त्या वेळची मात्रा. ती लिटरला ४० मिलिग्रॅम आली आणि केंद्र दिवसाला ३ कोटी लिटरचं असेल तर दिवसाला १,२०० किलो तुरटी लागेल. कमी पडली तर गाळ फिल्टरवर जातो. जास्त झाली तर पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, गोळे नीट बनत नाहीत आणि ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं. म्हणजे 'जास्त टाकलं तर जास्त शुद्ध' हेही खरं नाही. पुरात ही चाचणी दर पाळीला व्हायला हवी, एरवी दिवसातून एकदा पुरते.

फिल्टरच्या वाळूकडे दुर्लक्ष होतं ते वेगळंच. जलद वाळू फिल्टरमध्ये वाळूचा थर ६० ते ७५ सेंटिमीटर लागतो आणि तासाला साधारण पाच मीटरच्या वेगाने पाणी त्यातून उतरतं. बॅकवॉशला, म्हणजे खालून उलटं पाणी आणि हवा सोडून वाळू धुण्याला, हवा कमी पडली, किंवा 'पाणी वाया जातं' म्हणून तो तीन मिनिटांत उरकला, की वाळूत चिखलाचे गोळे तयार होतात. ते गोळे खाली सरकतात, थरात भेगा पडतात, आणि पाणी वाळूतून न गाळता त्या भेगांतून सरळ खाली जातं. वरून बघणाऱ्याला फिल्टर चालू दिसतो. फिल्टर उपसून रिकामा करून वाळूवर चाललं की हे गोळे पायाला लागतात. दरवर्षी उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, हे एकदा बघावंच. बॅकवॉशचं पाणी सोडून द्यायचीही गरज नाही. ते वेगळ्या टाकीत निवळवून पुन्हा केंद्राच्या सुरुवातीला आणता येतं.

क्लोरीन आणि आपला मे महिना

खानदेशात क्लोरीनचं काम इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे आणि त्याचं कारण ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उंच टाकीतलं, उघड्यावरच्या लोखंडी वाहिनीतलं, गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी अक्षरशः गरम होतं. पाण्याचं तापमान दहा अंशांनी वाढलं की क्लोरीन संपण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे जानेवारीत जी मात्रा शेवटच्या नळापर्यंत पुरते, ती मे महिन्यात निम्म्या वाटेतच संपते. उपाय म्हणून केंद्रावर मात्रा दुप्पट केली तर जवळच्या वस्तीत औषधाचा उग्र वास येतो, लोक तक्रार करतात, आणि दुसऱ्याच दिवशी मात्रा पुन्हा खाली येते. योग्य उपाय म्हणजे लांबच्या टाक्यांवर छोटे डोसर बसवून तिथे पुन्हा थोडा क्लोरीन देणं. खर्च फार नाही आणि परिणाम लगेच दिसतो. माझ्या मते खानदेशातल्या प्रत्येक शहराने स्मार्ट मीटरच्या आधी हे करावं.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ग्राहकाच्या नळावर उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा, साथीची शंका असेल तेव्हा ०.५. गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) आत, आणि ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये अजिबात नको. क्लोरीनला काम करायला वेळही लागतो, किमान अर्धा तास. पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय भागावरच खर्च होतो. म्हणून 'पाणी गढूळ आहे तर क्लोरीन वाढवा' हा सल्ला अर्धवट आहे. आधी गढूळपणा उतरवला पाहिजे.

मोठ्या केंद्रांवर ९०० किलोचे क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, असतात. दिवसाला ३ कोटी लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम धरले तर ६० किलो लागतो, म्हणजे एक टनर पंधरा दिवस चालतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो आणि जमिनीलगत साठतो. त्यामुळे टनरच्या खोलीतला पंखा छताजवळ बसवणं ही धोक्याची चूक आहे, तो जमिनीलगतच हवा. गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा जोडांजवळ फिरवतात. पांढरा धूर निघाला की तिथे गळती आहे. वस्ती केंद्राला येऊन भिडली असेल तर मिठापासून जागेवरच हायपोक्लोराइट बनवणारं यंत्र जास्त सुरक्षित पडतं. त्याला चांगलं मीठ आणि मऊ पाणी लागतं, नाहीतर इलेक्ट्रोडवर चुन्याचा थर चढतो. आपल्या कठीण पाण्यात हा थर लवकर चढतो, तेव्हा सॉफ्टनर त्यासोबतच घ्यावा.

जमिनीखालचं

काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. तिच्यातला नळ वर्षातून दोनदा हलतो. जुन्या एसी पाइपला, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळाला, हे सोसत नाही. बिडाच्या नळाचे जोडही सुटतात. घरजोडणीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप ओल्या काळ्या मातीत आठ-दहा वर्षांत सडतो. म्हणून चर खणल्यावर नळाखाली आणि भोवती शंभर ते दीडशे मिलिमीटर मुरूम किंवा वाळू हवी, वर साधारण मीटरभर भराव हवा. काळीच माती परत ढकलून चर बुजवला तर कितीही महागडा डीआय (डक्टाइल लोखंडाचा) पाइप टाका, जोडांवर ताण येणारच. काम चालू असताना वस्तीतल्या लोकांनी बघावी अशी एकच गोष्ट मी सांगेन, ती ही. एकदा रस्ता झाला की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

गळती सर्वांत जास्त कुठे होते? मोठ्या वाहिनीवर नाही. ती फुटली की कारंजं उडतं, बातमी होते आणि दुरुस्ती होते. खरी गळती फेरूलपाशी (मुख्य वाहिनीतून घरजोडणी निघते तो तुकडा), सॅडलपाशी (वाहिनीभोवतीचा, जोडणी धरणारा पट्टा) आणि तिथून घरापर्यंतच्या पाच-दहा मीटरमध्ये असते. २० मीटर उंच पाण्याइतक्या दाबाला तीन मिलिमीटरच्या भोकातून दिवसाला साधारण सात हजार लिटर पाणी जातं. अशी दोनशे भोकं म्हणजे एका मोठ्या गावाचं पाणी. यावर उपाय म्हणजे फेरूलपासून मीटरपर्यंत सलग, बिनजोडाचा निळा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप आणि तो गटारीच्या बाजूने नव्हे, वरून किंवा केसिंगमधून (बाहेरच्या संरक्षक नळातून) नेणं. मुख्य वाहिनी मलवाहिनीपासून आडव्या अंतराने तीन मीटर दूर असावी, एकमेकींना ओलांडताना पाण्याची वाहिनी किमान अर्धा मीटर वर असावी. जुन्या पेठांच्या बोळांत तीन मीटर मिळत नाहीत हे उघड आहे. तिथे केसिंग आणि सतत दाब हेच दोन आधार.

नव्या वाहिन्या टाकल्यावर एक काम हमखास राहून जातं: जुनी वाहिनी मारणं. काही घरं नव्या वाहिनीवर येतात, काही जुन्यावर राहतात, आणि दोन्हींत पाणी सुरू ठेवलं जातं. मग जुन्या वाहिनीतली गळती तशीच राहते, आणि कुठेतरी दोन्ही जोडलेल्या असल्या तर जुनी घाण नव्यात येते. नुसता व्हॉल्व्ह फिरवून वाहिनी बंद होत नाही. तुकडा कापून दोन्ही टोकांना कॅप लावावी लागते. नवी वाहिनी सुरू करण्यापूर्वी तिची दाबचाचणी झाली पाहिजे. मग ती धुऊन लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्याने २४ तास भरून ठेवावी. त्यानंतर किमान १० मिलिग्रॅम उरला तर ती निर्जंतुक झाली, नाहीतर पुन्हा धुवावी.

मोजल्याशिवाय गळती सापडत नाही

शहराचे छोटे भाग पाडायचे, प्रत्येकात ५०० ते ३,००० जोडण्या. पाणी आत येण्याची जागा एकच ठेवायची आणि तिथे फ्लोमीटर बसवायचा. बाकीच्या सीमेवरचे व्हॉल्व्ह बंद. याला डीएमए (डिस्ट्रिक्ट मीटर्ड एरिया) म्हणतात. सीमा खरोखर बंद आहे का ते तपासायला रात्री प्रवेशाचा व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब बघतात. तो शून्यावर आला तर ठीक. नाही आला तर कुठून तरी नकाशावर नसलेली जोडणी पाणी आणते आहे. ही चाचणी टाळून केलेले डीएमए कागदावरच राहतात.

मग रात्री दोन ते चारचा प्रवाह बघायचा. समजा हजार घरांच्या भागात त्या वेळी तासाला ६,००० लिटर पाणी आत जातंय. घरटी तासाला दोन लिटर खरा वापर धरला तरी २,००० झाले. उरलेले ४,००० गळतात. दिवसाला ९६,००० लिटर, म्हणजे शहरी निकषाने माणशी १३५ लिटर धरले तर सातशे माणसांचं पाणी. आता खानदेशी अडचण: एप्रिल ते जून घराघरांत कूलर रात्रभर चालतात आणि अनेकांचे फ्लोट व्हॉल्व्ह थेट नळाला किंवा टाकीला असतात. त्या काळात रात्रीचा प्रवाह फुगलेला दिसतो आणि नसलेली गळती शोधत रस्ते खणले जातात. हे मोजमाप थंडीतच करावं. दुसरी अट म्हणजे त्या भागात सलग काही दिवस चोवीस तास पाणी द्यावं लागतं. टप्प्याटप्प्याने पाणी देताना सगळे टाक्या भरत असतात, तेव्हा रात्रीच्या प्रवाहाला काही अर्थ नसतो. म्हणून एकेक भाग घेऊन पुढे जायचं. पूर्ण शहर एकदम चोवीस तासांवर नेण्याच्या घोषणेपेक्षा एक वस्ती नीट करून तिथले आकडे लोकांपुढे ठेवणं मला जास्त विश्वासाचं वाटतं.

मोठा विद्युतचुंबकीय फ्लोमीटर बसवताना त्याच्या आधी व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर तीनपट सरळ नळ हवा, आणि नळ नेहमी पूर्ण भरलेला हवा. वाकणाला लागून किंवा उतारावर अर्धवट भरलेल्या नळावर बसवला तर आकडे भलतेच येतात. घरच्या मीटरचं दुखणं वेगळं. पाणी सुटण्याआधी वाहिनीतली हवा बाहेर पडते आणि मीटर हवेवर फिरतो. लोक म्हणतात 'हवेचं बिल येतं', ते खरं असतं. वाहिनीच्या उंच ठिकाणी चालू स्थितीतले एअर व्हॉल्व्ह असतील तर हा त्रास बराच कमी होतो. पुरवठा चोवीस तास झाला की संपतो. म्हणजे मीटर आधी आणि दाब नंतर असा क्रम ठेवला की लोकांचा मीटरवरचा विश्वास पहिल्याच बिलात जातो.

विजेचा हिशेब थोडक्यात. दहा लाख लिटर पाणी ६० मीटर उचलायला, पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर साधारण २५० युनिट लागतात. रोज एक कोटी लिटर उचलणाऱ्या शहराचे २,५०० युनिट. त्यातलं तिसरा हिस्सा पाणी गळत असेल तर रोज आठशेवर युनिट जमिनीत जातात. इथे व्हीएफडी (पंपाचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवण्याचा सल्ला फार दिला जातो. जिथे बहुतेक उंची स्थिर आहे तिथे त्याने विशेष बचत होत नाही. योग्य पंप निवडणं आणि झिजलेला इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) बदलणं जास्त उपयोगी. वीज अचानक गेली की चढणवाहिनीत पाणी उलटं आपटून जोड फुटतात, त्यामुळे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि झटका सोसणारी यंत्रणा तपासलेली हवी.

स्काडाबद्दल, म्हणजे संगणकावरून पाणीयोजनेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेबद्दल, माझं मत सावध आहे. टाकीची पातळी, प्रवाह, दाब, गढूळपणा आणि क्लोरीन एका पडद्यावर दिसणं फार मोलाचं आहे. पण गढूळपणाच्या मापकाची काच आठवड्याला पुसावी लागते, क्लोरीनच्या मापकातलं रसायन किंवा मेम्ब्रेन बदलावं लागतं, सिमकार्डचं रिचार्ज संपतं, वळवाच्या विजेत सेन्सर जळतात. देखभालीचा करार पाच वर्षांचा आणि सुटे भाग धरून नसेल तर दुसऱ्या उन्हाळ्यात पडद्यावर एकच आकडा गोठून बसतो. आणि व्हॉल्व्हमनला सोडून कोणतीही यंत्रणा उभी करू नये. कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांचा, कुठला डांबराखाली गेलाय, कोणत्या गल्लीला कुठून पाणी चढतं, हे त्यालाच माहीत असतं. नकाशा बनवताना पहिले काही आठवडे त्याच्याबरोबर फिरूनच बनवावा.

तक्रार नोंदवण्याच्या ॲपमध्येही एवढंच बघा की गढूळ पाण्याच्या तक्रारी नकाशावर दिसतात का. एका गल्लीतून एकाच दिवशी तीन तक्रारी आल्या तर तो झोन बंद करून वाहिनी धुणं आणि गटारीजवळच्या जोडण्या तपासणं ताबडतोब सुरू व्हायला हवं. 'तक्रार निकाली' असा संदेश पाठवणं हे काम नव्हे.

गावांसाठी टीसीएलचा हिशेब

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी ५५ लिटर धरून. नळ घरापर्यंत आला, आता पाण्याची प्रत जपायची आहे आणि ते काम गावात जलसुरक्षकाच्या हातात असतं. ५०,००० लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी, ३३ टक्क्यांची असेल तर ३०० ग्रॅम, उतरून २० टक्क्यांवर आली असेल तर ५०० ग्रॅम. आपल्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पावडर भराभर उतरते. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, तोंड घट्ट बांधूनच ठेवावी, आणि खरेदी तीन महिन्यांपुरतीच करावी. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग दहा-पंधरा लिटर पाणी घालून ढवळा, पंधरा मिनिटं निवळू द्या, आणि वरचं स्वच्छ पाणीच टाकीत ओता. खालचा चुना टाकीत जाता कामा नये. पाणी अर्ध्या तासाने सोडा. कोरडी पावडर टाकीत फेकली तर ती तळाला बसते, वरच्या पाण्यात काहीच उतरत नाही.

जिल्हा परिषदेकडून वर्षातून दोनदा स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कोणतं आहे हे ग्रामसभेत विचारा. बोअरवेलवर अवलंबून असलेल्या गावांत नायट्रेट तपासायला सांगा. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यासारख्या भरपूर खत आणि पाणी लागणाऱ्या शेतीच्या भागात ते जास्त गरजेचं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि नायट्रेट उकळून जात नाही, क्लोरीननेही नाही. उलट उकळल्याने पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

घरी काय करावं

मोटर थेट नळाला लावू नका. पाणी जमिनीतल्या हौदात आपोआप पडू द्या, मग तिथून वर चढवा. हौदाच्या कडा जमिनीपासून वीतभर वर हव्यात आणि झाकण घट्ट हवं. पाणी सुटल्यावर पहिलं गढूळ पाणी वेगळ्या बादलीत घ्या, झाडांना आणि फरशीला चालतं. टाकी तीन महिन्यांनी धुवा. हजार लिटरच्या भरलेल्या टाकीला ३३ टक्क्यांची १५० ग्रॅम टीसीएल, वर सांगितल्याप्रमाणे निवळवून, रात्रभर ठेवा. या पाण्याला वास उग्र येतो, ते पिऊ नका. सकाळी सगळ्या तोट्या उघडून सोडून द्या आणि साध्या पाण्याने दोनदा खंगाळा.

आरओ घेण्यापूर्वी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. धरणाच्या पाण्याचा तो लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरज नाही. एका लिटरमागे दोन-तीन लिटर फेकून देणारं यंत्र टंचाईच्या भागात बसवण्याआधी हा आकडा बघायलाच हवा. जंतूंची भीती असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही किंवा उकळणं पुरेसं. बोअरचं पाणी हजाराच्या वर असेल तर गोष्ट वेगळी. थंडगार जारच्या पाण्याला क्लोरीनचं संरक्षण बहुधा नसतं, तेव्हा 'आरओचं आहे' एवढ्यावर विसंबू नका. जार रोज धुतात का, ते विचारा.

आणि उरलेला क्लोरीन रंगावरून मोजणारं डीपीडीचं छोटं किट घरी किंवा गल्लीत मिळून एक ठेवा. तोटी दोन मिनिटं वाहू द्या, नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, गोळी टाका, हलवा आणि मिनिटाच्या आत गुलाबी रंग पट्टीशी जुळवा. पाणी बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी तपासलं तर क्लोरीन उडून गेलेला असतो, तेव्हा चाचणी नळावरच करायची. रंग आलाच नाही तर त्या दिवशी पिण्याचं पाणी उकळून घ्या, तारीख, वेळ आणि नळाची जागा लिहून पाणीपुरवठा विभागात नोंद द्या, आणि सोबत जिवाणू तपासणीसाठी नमुना घेण्याची मागणी करा. नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत घ्यायला लावा. आपल्या घरच्या बाटलीतला नमुना प्रयोगशाळा नाकारते, आणि ते बरोबरच आहे.